खोट्या पेशंटचा खरा शेरा

मित्रांनो, माझ्या चार पायांपैकी तीनच पाय जमिनीला नीट टेकतात. चौथ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. मी रुग्णालयातली लोखंडी खाट, आणि माझं वय झालेलं आहे. या वयात शांत राहावं, असं मलाही वाटतं. पण मला राग आलेला आहे, आणि तो का आला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या आणि जोडल्या. जोडकाम करणारा कारागीर मोठा खडूस होता. प्रत्येक सांधा थंड झाला की तो त्याच्यावर हातोडीने हलकेच ठोकायचा आणि कान लावून आवाज ऐकायचा. आवाज बद्द आला की सांधा पुन्हा करायचा. शेजारचा रंगारी वैतागून म्हणायचा, "अरे, खाटच आहे ती. किती वेळ लावशील?" त्यावर हा म्हणायचा, "हिच्यावर माणूस झोपणार आहे, पोतं नाही." मला पांढरा रंग दिला, डोक्याकडची बाजू वरखाली करायला पायाशी एक हँडल बसवलं आणि ट्रकमध्ये चढवलं.

त्यानंतरची एकोणीस वर्षं मी बायकांच्या वॉर्डात काढली. माझा नंबर चौदा. खिडकीपासून तिसरी. त्या एकोणीस वर्षांत मी किती जणींना पाठ दिली, याची गणती नाही. पण एक गोष्ट मी तिथे शिकले, ती तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. घाबरलेलं माणूस झोपलं तरी टेकत नाही. अंग चोरून, श्वास धरून ते माझ्यावर नुसतं ठेवल्यासारखं पडून असतं. काही डॉक्टर राउंडला आले की माझ्या कडेला दोन मिनिटं बसायचे आणि विचारायचे, "हं, सांगा." मग ते अंग हळूहळू सैल पडायचं आणि माझ्या स्प्रिंगांवर खरं वजन यायचं. काही डॉक्टर पायथ्याशी उभे राहूनच कागद वाचायचे आणि पुढे जायचे. ते गेल्यावर माझ्यावरचं अंग आणखीच आखडायचं. दोन्ही प्रकारचे डॉक्टर हुशार होते. दोघांनाही औषधं पाठ होती. फरक त्या दोन मिनिटांचा होता.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर माझं कौतुक करायच्या. नवीन नर्सला त्या सांगायच्या, "जास्त आजारी पेशंट चौदावर घ्या. ती खाट कधी दगा देत नाही." पण शेवटी लोखंड ते लोखंडच. हँडल अडकायला लागलं, एक पाय वाकला. एके सकाळी दोन वॉर्डबॉय आले आणि मला तिसऱ्या मजल्यावर कॉलेजच्या सरावाच्या खोलीत नेऊन टाकलं. "खऱ्या पेशंटला चालणार नाही, पण खोट्याला चालेल," त्यातला एक म्हणाला. त्या दिवसापासून सगळे मला खोटी खाट म्हणू लागले.

हा खोटा पेशंट म्हणजे एक रबरी पुतळा होता. मुलांनी त्याचं नाव रावसाहेब ठेवलं होतं. रावसाहेबांवर माझा राग नाही. बिचाऱ्यांनी खूप सोसलं. त्यांच्या दंडात रोज चाळीस-चाळीस सुया जायच्या, नाकातून नळ्या जायच्या, छातीवर धबाधब दाबलं जायचं. हात कसा बसवावा, सुई कशी धरावी, हे त्यांच्यावरच शिकायला हवं. नाहीतर जिवंत माणसांची चाळण होईल. पण रावसाहेबांना "दुखतंय का?" असं विचारून उपयोग नव्हता, म्हणून मुलं विचारायचीच नाहीत. त्यांच्या अंगावरची चादर सर्रकन ओढायची. त्यांच्या पोटावर वह्या ठेवायची. एकाने तर चहाचा कप ठेवला होता. मी सगळं बघत होते. मुलांचे हात तयार होत होते, आणि त्याच हातांना एक भलतीच सवयही लागत होती. इथून ही मुलं थेट खालच्या वॉर्डात जाणार होती, जिथे माझ्या बहिणींवर जिवंत माणसं झोपलेली होती.

हे आणखी एका व्यक्तीला दिसत होतं. सरावाच्या खोलीत शिकवणाऱ्या बाई स्वतः डॉक्टर होत्या. सडपातळ, हळू आवाजात बोलणाऱ्या, पण एकदा बोलल्या की माघार न घेणाऱ्या. त्यांनी सहा महिने अर्ज करून करून एक गोष्ट मंजूर करून घेतली. आठवड्यातून दोनदा या खोलीत जिवंत माणूस पेशंट होऊन येणार. त्याला आजार नसेल, पण तो आजारी माणसासारखा वागेल, बोलेल, कण्हेल. मुलं त्याला तपासतील. आणि तपासणी संपली की तो माणूस उठून बसेल आणि मुलांना सांगेल, तुम्ही माझ्याशी कसे वागलात ते.

त्यासाठी बाईंनी निवडली शिवणकाकू. ती रुग्णालयाच्याच शिवणखान्यात काम करायची. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे गाऊन, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. पन्नाशी उलटलेली, चष्म्याला दोरी बांधलेली, कानामागे खडू खोचलेला. पहिल्या दिवशी ती माझ्यावर झोपली तेव्हा आधी तिने अंगाखालची चादर चाचपून पाहिली. "ही माझीच शिवण," ती म्हणाली आणि मग पोट धरून कण्हायला लागली.

पहिलाच मुलगा आला आणि काही न बोलता त्याने तिच्या पोटावर हात दाबला. ती दचकून अर्धी उठली. बाकीची मुलं हसली. "काकू, काय ॲक्टिंग करता हो," एकजण म्हणाला.

काकूने चष्मा लावला. "बाळांनो, पोट खोटं दुखत होतं," ती म्हणाली, "पण हात खरंच बर्फासारखा गार होता. आधी सांगितलं असतंत तर मी दचकले नसते."

त्या मुलाने दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मित्रांनो, ते वर्ष माझ्या म्हातारपणातलं सगळ्यात चांगलं वर्ष. काकू कधी दम्याची पेशंट व्हायची, कधी पाय घसरून पडलेली, कधी मुलगा लांब गेल्यामुळे जेवण सोडलेली आई. तिला उगाच रडारड करायला आवडायचं नाही. "खरा आजारी माणूस रडत नाही हो, तो लाजतो," ती बाईंना म्हणाली होती. मुलंही बदलत होती. चादर ओढायच्या आधी विचारायला लागली. पडदा लावायला लागली. एक चुकतमाकत बोलणारी मुलगी होती. तिला पहिल्या महिन्यात स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. ती काकूजवळ स्टूल ओढून बसायला शिकली.

एका दुपारी सराव संपल्यावर काकूने बाईंना आपल्या ताईची गोष्ट सांगितली. ती माझ्या कडेला बसली होती आणि तिच्या मांडीवर एक अर्धा शिवलेला अभ्रा होता.

ताई लहान असताना तिच्या पायाला गळू झालं होतं. दवाखान्यात तिला एक इंजेक्शन दिलं. घटकाभरात तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. डॉक्टरांनी धावपळ करून तिला वाचवलं आणि आईला चिठ्ठी लिहून दिली, की हे इंजेक्शन हिला पुन्हा कधीही द्यायचं नाही. घर बदलताना ती चिठ्ठी हरवली. पुढे ताई मोठी झाली, दोघी बहिणी शिवणकाम करून एकत्र राहू लागल्या. एकदा ताईला जोराचा ताप आला, खोकला झाला, म्हणून काकूने तिला रुग्णालयात भरती केलं.

"तिथे तिला विचारलं, ॲलर्जी आहे का कशाची," काकू म्हणाली. "आम्हाला वाटायचं, ॲलर्जी म्हणजे धुळीने शिंका येतात ती. ताई म्हणाली, तसलं काही नाही. मग तिलाच आठवलं काहीतरी. म्हणाली, लहानपणी एकदा मला, आणि तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, लहानपणीचं राहू द्या, आत्ता काय होतंय ते सांगा. मी थर्मास धरून बाजूलाच उभी होते. मलाही वाटलं, एवढे शिकलेले आहेत, त्यांना नको असेल तर कशाला सांगायचं."

ताई त्याच दिवशी गेली. इंजेक्शन तेच होतं.

बाईंनी विचारलं, "काकू, ही गोष्ट मी परीक्षेत घातली तर चालेल? तुम्हाला ती पुन्हा पुन्हा जगावी लागेल."

काकूने दाताने दोरा तोडला. "घाला," ती म्हणाली.

अशी ती परीक्षा तयार झाली. पेशंटला ताप आणि खोकला आहे. ॲलर्जी हा शब्द तिला कळत नाही. तो शब्द वापरून विचारलं तर तिने म्हणायचं, "तसलं काही नाही." मग घुटमळत, "लहानपणी एकदा मला..." एवढं म्हणायचं. कुणी थांबून ऐकलं तर सगळं सांगायचं. कुणी तोडलं तर गप्प बसायचं. शेवटी विद्यार्थ्याने औषध लिहून द्यायचं. ज्याने त्या जातीचं इंजेक्शन लिहिलं तो त्या केसमध्ये नापास. आणि काकूच्या कागदावर तळाशी एकच प्रश्न होता: या डॉक्टरच्या हाती तुम्ही तुमचा जीव सोपवाल का? कारण लिहा.

परीक्षेच्या दिवशी एकामागून एक मुलं येत होती. प्रत्येकाला दहा मिनिटं. चुकतमाकत बोलणारी मुलगी आली. अर्धे प्रश्न विसरली. नाडी मोजताना आकडा चुकली. पण काकूने "लहानपणी एकदा मला" म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "काय झालं होतं, काकू?" आणि थांबली. काकूने सगळं सांगितलं. तिने हातातला कागद पुन्हा वाचला आणि वेगळं औषध लिहिलं.

मग आला वर्गातला पहिला. तीन वर्षं सलग पहिला येणारा मुलगा, सगळ्यांचा लाडका. त्याने हात धुतले, पडदा लावला, नाव सांगितलं. त्याच्याजवळ प्रश्नांची एक लांबलचक यादी होती आणि ती त्याला मुखोद्गत होती. प्रश्न सटासट सुटत होते. प्रत्येक उत्तराला तो बरोबरची खूण करायचा.

"कशाची ॲलर्जी?"

"तसलं काही नाही," काकू म्हणाली. "लहानपणी एकदा मला..."

"बरं. झोप लागते का नीट? भूक?"

"भूक बरी आहे. पण एकदा काय झालं होतं..."

"ते नंतर बोलू. घरात कुणाला टीबी?"

नंतर काही आलंच नाही. काकूचं अंग माझ्यावर आखडलेलं मला कळत होतं. तो अभिनय नव्हता, मित्रांनो. एकोणीस वर्षं मी ते आखडणं ओळखत आले आहे. मुलाने साडेआठ मिनिटांत सगळं आटोपलं, इंजेक्शन लिहिलं आणि "धन्यवाद" म्हणून निघून गेला. त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

काकूने कागदावर सावकाश लिहिलं, "नाही. मला बोलूच दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाचे प्रमुख खोलीत आले. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. बाई रावसाहेबांचा हात दुरुस्त करत होत्या, काकू माझी चादर बदलत होती. सरांच्या हातात काही कागद होते.

"मॅडम, या मुलाचं नाव आपण मोठ्या स्पर्धेसाठी पाठवणार आहोत," सर म्हणाले. "आणि शिवणखान्यातल्या बाईने त्याला नापास केलंय?"

"मी केलंय, सर," बाई म्हणाल्या. "काकूंनी फक्त शेरा लिहिलाय. इंजेक्शन त्याने लिहिलं. आणि हा नियम परीक्षेआधी तुमच्याच सहीने लागलेला आहे."

"त्याने ॲलर्जी विचारली होती. ही बघा खूण. पेशंटच खोटं बोलला तर डॉक्टरने काय करायचं?"

"मी खोटं नाही बोलले, साहेब," काकू म्हणाली. "पेशंटला तो शब्द कळत नव्हता."

"तुम्हाला कळतो ना? तुम्ही तर अभिनय करत होतात."

"मला आता कळतो. माझ्या ताईला कळला नव्हता."

सरांना गोष्ट ठाऊक होती. परीक्षेच्या कागदावर सही घेताना बाईंनी ती त्यांना सांगितली होती. ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "जे झालं ते वाईट झालं. पण त्या डॉक्टरांनीही विचारलं होतंच की."

"हो, विचारलं होतं. भरती करणाऱ्याने विचारलं, राउंडवाल्याने विचारलं, सुई टोचायच्या आधी नर्सनेही विचारलं. तिघांच्या कागदावर खूण आहे. मी नंतर पाहिली." काकूचा आवाज चढला नाही. "ऐकलं मात्र एकानेही नाही."

सरांनी एक नवा कागद माझ्यावर ठेवला. त्यावर उत्तर 'होय' असं आधीच छापलेलं होतं. खाली सहीपुरती जागा मोकळी होती.

"इथे सही करा. उगाच ताणू नका."

माझ्या अंगावर तो कागद पडला तेव्हा माझा एकूण एक सांधा तापला. एका हुशार मुलाचं नाव झळकावं म्हणून एका मेलेल्या बाईचं तोंड दुसऱ्यांदा बंद करायचं? आणि तेही तिच्या सख्ख्या बहिणीच्या सहीने? मला हात असते तर तो कागद मी खिडकीबाहेर भिरकावला असता. पण मला हात नव्हते. काकूला होते. तिने कागदाची नीट चौघडी केली आणि सरांना परत दिला.

"वाकडी शिवण मी शंभरदा उसवून देईन, साहेब," ती म्हणाली. "सरळ शिवण उसवायला मला सांगू नका."

"मग उद्यापासून इकडे यायची गरज नाही," सर म्हणाले. "तुमच्या मशीनवरच बसा."

बाईंनीही नव्या कागदावर सही केली नाही. निकाल अडकून पडला. पण काकूचं येणं बंद झालं आणि रावसाहेब पुन्हा माझ्यावर येऊन पडले. वह्या त्यांच्या पोटावर परत आल्या. आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. वर्गात पहिल्या येणाऱ्या त्या मुलाची यादी खालच्या वर्गातल्या मुलांनी उतरवून घेतली. जो तो ती यादी खिशात घालून हिंडू लागला. यादी वाईट नव्हती. पण तिच्यात 'थांबा' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी बाहेरून तपासणी समिती आली. तिघंजण होते. त्यांत एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई होत्या, काठी टेकत चालणाऱ्या. मोठ्या सरांनी समितीला दिलेल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की आमच्या विभागात विद्यार्थी जिवंत पेशंटवर संवाद शिकतात. बाजूला फोटो होता. आणि फोटो कुणाचा असेल, सांगा. माझ्यावर झोपलेल्या शिवणकाकूचा. जिला खोलीत पाय ठेवायला बंदी, तिच्या फोटोवर विभागाची वाहवा होणार होती.

डॉक्टरीणबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "या कुठे आहेत?"

सर म्हणाले, "आज त्या जरा..."

"त्यांना इथे यायला मनाई आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "मग आज पेशंट कोण होणार?"

बाईंनी घडी केलेला एक गाऊन पुढे धरला. "सर होतील. त्यांना केस तोंडपाठ आहे."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? मोठे सर पडद्यामागे गेले आणि गाऊन घालून आले. गाऊन पाठीमागे उघडा होता. ते एका हाताने तो धरून माझ्यावर चढले. वजनदार माणूस, पण माझ्यावर आले ते जेमतेम अर्धेच. बाकीचे अर्धे अजून खुर्चीत बसल्यासारखे ताठ होते.

खालच्या वर्गातला एक मुलगा आत आला आणि पेशंटला पाहून दारातच थबकला. बाई त्याला म्हणाल्या, "समोर सर नाहीत. ताप आलेला पेशंट आहे. कर सुरुवात." मुलाने खिशातली यादी चाचपली आणि गाडी सुरू केली. ताप किती दिवस, खोकला कसा, थुंकीचा रंग कोणता.

"ॲलर्जी कशाची, सर? म्हणजे, काका?"

"तसलं काही नाही," सर म्हणाले. "लहानपणी एकदा मला..."

"बरं. बीपी, शुगर?"

"नाही. पण लहानपणी मला एकदा..."

"काका, आत्ताचं सांगा. दम लागतो का?"

"अरे, मी काय म्हणतोय, की एकदा..."

"खोल श्वास घ्या. आता बोलू नका."

मुलाने चादर सर्रकन ओढली आणि स्टेथोस्कोपचं गार टोक त्यांच्या छातीवर टेकवलं. सरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी माझा कडेचा गज गच्च पकडला. ते उत्तर जाणत होते. समोरचा मुलगा त्यांचाच विद्यार्थी होता. एका वाक्यात तो नापास होण्यापासून वाचणार होता, आणि ते एक वाक्य पुरं करायला त्यांना कुणी सवड देत नव्हतं. मुलाने इंजेक्शन लिहिलं, "धन्यवाद, सर" म्हटलं आणि घाम पुसत बाहेर गेला.

सर उठून बसले. पाय लोंबकळत होते, गाऊन एका खांद्यावरून घसरला होता. डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या तळाचा प्रश्न वाचला, "या डॉक्टरच्या हाती तुम्ही तुमचा जीव सोपवाल का?"

"नाही," सर म्हणाले.

"कारण?"

"मला बोलूच दिलं नाही."

बाईंनी आपल्या फाइलमधून एक कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. काकूचं गोल, सावकाश अक्षर होतं ते. सरांनी तो वाचला. एवढे दिवस तो त्यांच्याकडे येत-जात होता, पण 'नाही'च्या पुढे लिहिलेलं कारण त्यांनी बहुधा वाचलंच नव्हतं. ते मान खाली घालून बसले. त्या वेळी पहिल्यांदाच त्यांचं पूर्ण वजन माझ्यावर आलं.

तुम्ही म्हणाल, झालं, सगळं गोड झालं. तसं नाही हं. काकूला बोलवायला बाई गेल्या, तेव्हा तिने निरोप पाठवला, की ज्यांनी जा म्हटलं त्यांनीच ये म्हणावं, आणि मुलांसमोर म्हणावं. सरांना आठ दिवस लागले. शेवटी एका सकाळी सगळ्या वर्गासमोर ते म्हणाले, "काकूंचा शेरा बरोबर होता. तो तसाच राहील. आणि त्यांना थांबवण्यात माझी चूक झाली." वाक्यं कोरडी होती, पण पुरी होती. काकूने मान हलवली आणि विचारलं, "आज कुठला आजार आहे, बाई?"

वर्गात पहिल्या येणाऱ्या त्या मुलाला ती परीक्षा पुन्हा द्यावी लागली. आजार बदललेला होता. तो रागावलेला होता, ते त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. यादी त्याने आणली नव्हती. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "सांगा." काकू बोलत राहिली. मध्येच तो दोनदा तोंड उघडून थांबला. दहाची चौदा मिनिटं झाली. निम्मे प्रश्न राहून गेले. बाईंनी त्याला काठावर पास केलं. एवढे कमी गुण त्याला जन्मात कधी मिळाले नव्हते. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"काकू, तुमच्या ताईंचं वय काय होतं?"

"चौतीस," काकू म्हणाली.

तो लगेच गेला नाही. तिने चष्मा काढून पदराने पुसला, आणि तो तेवढा वेळ तिथेच उभा राहिला.

मित्रांनो, माझ्याबद्दल मी काही मागत नाही. रंग नको, तेल नको. पण माझा राग मात्र गेलेला नाही. एका माणसाचं एक वाक्य ऐकून घ्यायला मोठ्या सरांना गाऊन घालून माझ्यावर झोपावं लागतं, ही काही शाबासकी द्यायची गोष्ट नाही. तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी नर्स होईल, कुणी एखाद्या खिडकीमागे बसून लोकांचे अर्ज घेईल. समोरचं माणूस "एकदा काय झालं होतं" असं अडखळत म्हणालं, की हातातलं पेन खाली ठेवा आणि थांबा. आणि कधी तुम्ही स्वतः आजारी पडून माझ्यासारख्या एखाद्या खाटेवर झोपलात, आणि कुणी घाईघाईने तुमचं बोलणं तोडलं, तर घाबरू नका, लाजू नका. तुमच्यासमोर कितीही शिकलेलं माणूस असो, त्याला स्पष्ट सांगा, "थांबा, माझं अजून संपलेलं नाही."